मीटर नाही गेलं भाऊ, मीटरमागची एक पट्टी गेली

गाडीत बसा, चावी फिरवा, पण सेल्फ मारू नका. मीटरमधे, म्हणजे स्टिअरिंगमागच्या काट्यांच्या डब्यात, बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागला पाहिजे. नाही लागला तर बरेच लोक उलटे खूश होतात, की चला, लाल दिवा नाही म्हणजे बॅटरी टकाटक. आमचे बाबा असेच दीड वर्ष खूश होते आणि त्या दीड वर्षात दोन बॅटऱ्या घेऊन झाल्या.

गाडी १९९९ ची. नागपुरात मनीष नगरहून बर्डीला जाऊन यायचं, आठवड्यातून दोनदा, त्याच्यावर काही नाही. पण दर तीन-चार दिवसांनी सकाळी सेल्फ मारला की नुसतं कट् कट्, मग शेजारच्यांना आवाज, मग धक्का. एका वायरमनने बॅटरी बदलायला लावली, दुसऱ्याने अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) खोलून कार्बन बदलले, तिसऱ्याने मीटरकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, याच्यातले दोन-तीन लाइट लागूनच नाही राहिले, पूर्ण मीटरच टाका, सेकंडहँड आणून देतो." म्हणजे या तिसऱ्याला जागा बरोबर दिसली होती, फक्त इलाज हत्तीएवढा सांगितला. मी इलेक्ट्रॉनिक्सवाला माणूस, पण तोवर मीही बाबांच्या गाडीत डोकं घातलं नव्हतं, घरच्या गाडीचं असंच असतं.

आता मीटरच्या दिव्याचा आणि बॅटरी चार्ज होण्याचा काय संबंध, हे आधी सांगतो, कारण यातच सगळी गंमत आहे. अल्टरनेटर वीज तयार करतो ती आत फिरणाऱ्या चुंबकामुळे, पण तो काही कायमचा चुंबक नसतो, तारेचं वेटोळं असतं, त्यात करंट सोडला की तो चुंबक होतो. एकदा वीज तयार व्हायला लागली की स्वतःचा करंट तो स्वतःच घेतो. पण सुरुवातीला कोण देणार? तर जुन्या पद्धतीच्या गाड्यांत तो पहिला करंट येतो चावीतून, मीटरमधल्या बॅटरीच्या बल्बमधून, आणि मग खाली अल्टरनेटरला. बल्बमधून करंट जाऊन राहिला म्हणून तो पेटतो. इंजिन सुरू झालं, अल्टरनेटरने वीज काढली, की बल्बच्या दोन्ही टोकांना जवळपास सारखाच व्होल्टेज होतो, फरक उरला नाही म्हणून करंट नाही, म्हणून दिवा विझतो. इतकं साधं आहे. त्या दिव्यामागे कोणी हुशार यंत्र बसून बॅटरी तपासत नाही.

मग तो बल्ब उडाला, किंवा बल्बपर्यंत जाणारी वाट तुटली, तर? दिवा लागणार नाही, आणि अल्टरनेटरला पहिला करंटही मिळणार नाही. गाडी चालेल, पण बॅटरीच्या जिवावर. बाबांच्या गाडीत अजून एक खूण होती जी कोणी लक्षात नाही घेतली. मल्टिमीटर बॅटरीला लावून पाहिलं तर आयडलवर, म्हणजे इंजिन नुसतं सुरू ठेवून, १२.३ व्होल्ट आणि हळूहळू खाली, चार्जिंग नाहीच, पण एकदा जोरात रेस दिली की एकदम १३.९, चार्जिंग सुरू. म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत. जोरात फिरवलं की आतल्या लोखंडात उरलेल्या थोड्याशा चुंबकत्वावर तो कसाबसा जागा होतो. बाबा बर्डीला जाताना चाळीसच्या वर जात नाहीत, रेस देत नाहीत, म्हणून त्यांची बॅटरी बसायची, आणि मी रविवारी गाडी घेऊन कोराडीला गेलो की आठवडाभर काही त्रास नाही. आई म्हणायची गाडीला तुझा हात लागतो. (सगळ्याच गाड्यांत असं नसतं, काहींत बल्बला समांतर एक रेझिस्टर दिलेला असतो, बल्ब गेला तरी काम अडत नाही, आणि नव्या गाड्यांत हा कारभार कॉम्प्युटर पाहतो.)

तर शोधायचं होतं ते मीटरमधे. आता मीटरच्या मागे असतं काय?

खूप लोकांना सर्किट बोर्ड म्हटलं की हिरवी पाटी, वर काळे किडे बसलेले, असं डोळ्यासमोर येतं, आणि तिथेच हिंमत जाते. पण बोर्ड म्हणजे मुळात काय, तर वायरींचा गुंता होऊ नये म्हणून त्या वायरी चपट्या करून पाटीवर चिकटवल्या, बस. प्रत्येक पट्टी म्हणजे एक वायर. जुन्या गाड्यांच्या मीटरमागे तर पाटीसुद्धा नसते, पातळ प्लास्टिकचा कागद असतो, एक्स-रेच्या फिल्मसारखा लवचिक, दोन थरांच्या मधे तांब्याच्या पट्ट्या दाबलेल्या. बल्बचे होल्डर त्या कागदाच्या भोकात घालून पाव वळसा फिरवायचे, की होल्डरचे कान पट्टीवर दाबून बसतात. सोल्डर नाही, स्क्रू नाही, नुसता दाब. तांब्याची जाडी साधारण बोर्डावर ३५ मायक्रॉन धरतात, आपला केस त्याच्या दुप्पट जाड निघेल. एवढ्याशा तांब्यावर पंचवीस वर्षं गाडी चालली, याचंच कौतुक करायला पाहिजे, आणि त्यात आपला मे महिना. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, ४५-४६ डिग्रीत काचा बंद करून गाडी उभी केली तर डॅशबोर्ड सहज सत्तरीच्या वर जातो, हात नाही ठेवता येत. रात्री थंड, दुपारी तापलं, पुन्हा थंड. तांबं वेगळं फुगतं, प्लास्टिक वेगळं फुगतं, सोल्डर वेगळं, आणि या ओढाताणीत जो सगळ्यात अशक्त तो तुटतो.

शनिवारी संध्याकाळी कूलरसमोर डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र पसरून मीटर खोललं. काढताना बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा, हे सांगायची गरज नाही असं वाटतं पण आहे. ज्या गाडीत एअरबॅग आहे तिथे तर काढल्यावर काही मिनिटं थांबा, किती ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, आणि पिवळ्या कपलरला (वायरींच्या जोडणीला) हातच लावू नका. या जुन्या गाडीला एअरबॅग नाही, त्यामुळे चार स्क्रू, मागून स्पीडोमीटरची केबल क्लिप दाबून सोडवली, दोन कपलर, झालं. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढला. कोणता बल्ब कुठला हे दोन तासांनी आठवत नाही, आठवतं असं फक्त वाटतं.

मागची बाजू वर केली तर पहिल्या नजरेत सगळं बरं दिसत होतं. मग टॉर्च तिरपा धरला. टॉर्च समोरून मारू नका, तिरपा धरा, उजेड घसरत गेला की फुगवटे आणि चिरा सावली टाकतात. तसा दिसला. मीटरचा उजेड देणारा एक बल्ब, त्याच्या भोकाभोवती प्लास्टिक तपकिरी, कांदा करपल्यावर कडेला येतो तसा रंग, आणि त्याच्या अगदी शेजारून जाणारी पट्टी उचलल्यासारखी. भिंग लावलं तर पट्टीला आडवी केसाएवढी चीर. ती पट्टी धरून बोट पुढे नेलं तर सरळ बॅटरीच्या दिव्याच्या होल्डरला.

करपलं कशाने तेही तिथेच कळलं. बल्ब काढून त्याच्या बुडावर वाचलं, ५ वॅट. मूळचे याहून कमी होते, बाकीचे त्याच जागचे ३ वॅटच्या आसपास. कोणीतरी, कधीतरी, मीटर अंधुक वाटलं म्हणून मोठा बल्ब टाकला होता. मी बाबांकडे पाहिलं, बाबा कूलरकडे पाहून राहिले होते.

आता मल्टिमीटर. इथे जरा थांबतो, कारण इथेच सगळे फसतात, मीही फसलोय. आपण मल्टिमीटर बीपवर ठेवतो, पट्टीच्या दोन टोकांना लावतो, पीं वाजलं की म्हणतो पट्टी चांगली. पण ते बीप किती खोटं बोलतं पाहा. बऱ्याच मल्टिमीटरमधे मधला अडथळा तीस-चाळीस ओहमपर्यंत असला तरी बीप वाजतं. आणि १२ व्होल्टवर ३ वॅटचा पेटलेला बल्ब म्हणजे स्वतःच ४८ ओहम. त्याच्या रांगेत चीर पडलेली पट्टी चाळीस ओहमची बसली तर निम्मा व्होल्टेज पट्टीच खाऊन टाकते, बल्ब नुसता निखाऱ्यासारखा, आणि मल्टिमीटर म्हणतो सब ठीक. तांब्याचा एक धागा कुठे चिकटून असला तरी बीप वाजतं. म्हणून ओहमचा आकडा वाचा, तोही पट्टी हलक्या हाताने वाकवत वाचा. माझ्या पट्टीवर आकडा सपाट असताना २, वाकवली की ओपन, म्हणजे वाट पूर्ण तुटलेली. थंडीत लागतो, उन्हात नाही लागत, खड्ड्यात लागतो, असले भुताटकीचे फॉल्ट असेच असतात.

दुरुस्तीचं काम त्यामानाने छोटं. पण हा प्लास्टिकचा कागद आहे, हिरवी पाटी नाही, हे डोक्यात ठेवायचं. साधं ६०/४० सोल्डर १९० डिग्रीच्या आतबाहेर वितळतं, आपली सोल्डरिंग आयर्न असते ३००-३५० वर, आणि हा कागद पॉलिएस्टरचा, २५० च्या पुढे वितळतो आणि त्याच्या खूप आधी आकसतो. म्हणजे आयर्न टेकवून विचार करत बसलात तर पट्टीसकट कागद गोळा होऊन हातात येईल. काम दोन सेकंदात झालं पाहिजे, आणि दोन सेकंदात होण्यासाठी आधी वीस मिनिटं सफाई पाहिजे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. मग चिरेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटर वरचं प्लास्टिक ब्लेडने खरवडलं, ब्लेड आडवं धरून, आंब्याच्या कोयीवरचा गर काढतो तसं, कापायचं नाही. खाली लालसर चकचकीत तांबं दिसलं पाहिजे, काळपट दिसलं तर सोल्डर धरणारच नाही, मोत्यासारखं गोल होऊन पळेल. त्यावर राळेचा फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो लेप. पत्र्याच्या डागकामाचं ॲसिड चुकूनही नाही, ते आज छान धरतं आणि सहा महिन्यांत तांबं खाऊन टाकतं. दोन्ही टोकांना आधी पातळ सोल्डर चढवून घेतलं, मग मऊ वायरीतले तीन-चार धागे पिळून त्यांनाही सोल्डर, आणि मग नुसतं ठेवायचं, टेकवायचं, उचलायचं.

हा तुकडा चिरेवर तंग नाही लावायचा. थोडी कमान ठेवायची, पोळ्याच्या तोरणासारखी ढिली, नाहीतर कागद तापून ताणला की पुन्हा तिथेच तुटेल. वरून आईचं नेलपॉलिश, दोन हात. हसू नका, ओलावा आत जाऊ द्यायचा नसेल तर पारदर्शक नेलपॉलिश चांगलं काम करतं.

सोल्डरची भीती वाटत असेल तर चांदीचा कंडक्टिव्ह पेंट मिळतो, मागच्या काचेच्या डिफॉगरच्या रेषा जोडायला वापरतात तोच, ब्रशने ओढायचा आणि वाळू द्यायचा. पण तो कुठे चालेल आणि कुठे नाही याचा हिशेब करा. बॅटरीच्या दिव्यातून जाणारा करंट पाव अँपियरच्या आत, तिथे पेंट चालतो. पण अर्थची पट्टी म्हणजे सगळ्या बल्बांची परतीची वाट, ३ वॅटचे पाच बल्ब धरले तरी १५ वॅट, म्हणजे सव्वा अँपियर एकाच पट्टीतून. तिथे पेंट लावला तर तो गरम होईल, तडकेल, आणि आपण पुन्हा टेबलावर. अर्थला वायरच टाका. मी तर अशा वेळी पट्टीच्या नादी न लागता अर्थच्या स्क्रूपासून बॉडीपर्यंत वेगळी वायर ओढतो, दिसायला घाण, पण चालते.

अर्थचं निघालंच तर, अर्थ ढिला असला की मीटर जे खेळ करतं ते पाहून माणूस पूर्ण मीटर बदलायला तयार होतो. इंडिकेटर दिला की पेट्रोलचा काटा नाचतो. हेडलाइट लावले की टेंपरेचर चढतं. वर्धा रोडवर काम काढलं की सगळ्या गाड्या आमच्या मनीष नगरच्या गल्ल्यांमधे घुसतात ना, तसा करंट आपली परतीची वाट बंद दिसली की दुसऱ्याच्या बल्बमधून, काट्यामधून वाट काढतो. दोन असंबद्ध गोष्टी एकमेकांमुळे हलून राहिल्या तर आधी अर्थ पाहा. सगळे लाइट लावून मल्टिमीटरचं एक टोक मीटरच्या अर्थ पट्टीवर, दुसरं बॉडीच्या स्वच्छ लोखंडावर, व्होल्टवर ठेवून. शून्याच्या जवळ पाहिजे. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर सापडला चोर. आणि पेट्रोल आणि टेंपरेचर दोन्ही काटे एकदमच खोटं बोलायला लागले, तर बऱ्याच जुन्या गाड्यांत या दोघांना मिळून एक छोटा व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो, तो गेलेला असतो. दोन सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत.

नवीन गाड्यांत मागे खरोखर हिरवी कडक पाटी असते, काटे छोट्या स्टेपर मोटरवर. तिथे चीर पट्टीला कमी, सोल्डरच्या टाक्याला जास्त पडते, विशेषतः जिथे कपलरच्या पिना पाटीत घुसतात. भिंगातून पाहिलं तर पिनेभोवती बारीक गोल कडी दिसते, चहाच्या कपाचा टेबलावर डाग पडतो तशी. फ्लक्स लावून तोच टाका पुन्हा वितळवला की काम होतं, ही पाटी उष्णता सोसते. पण इथे माझी हिंमत एका ठिकाणी थांबते. त्याच पाटीवर एक आठ पायांची छोटी मेमरी असते, किलोमीटरचा आकडा तिच्यात, आणि काही गाड्यांत चावीची ओळखसुद्धा मीटरशी बांधलेली असते. तिच्या आसपास आयर्न नको. आणि काटे उपटू नका, ते परत लावताना शून्य कुठे होता हे काट्याला माहीत नसतं. म्हणूनच सेकंडहँड मीटर टाकणं हा वाटतो तेवढा सोपा इलाज नाही, दुसऱ्याच्या गाडीचे किलोमीटर आपल्या गाडीत येतात आणि विकताना तुम्हीच खोटे ठरता.

पाण्याचं वेगळं आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन पाणी डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत शिरलं, आठवत असेल. सकाळी पाणी उतरलं की माणूस पहिलं काम काय करतो, तर चावी फिरवून पाहतो. तेच करायचं नसतं. चावी बंद असली तरी घड्याळासाठी मीटरला एक पट्टी बॅटरीवरून कायम चालू असते, त्या गढूळ पाण्यात क्षार असतात, आणि १२ व्होल्ट लावलेलं तांबं त्या पाण्यात अक्षरशः विरघळतं, पट्टी हिरवी होते आणि आठवडाभरात नाहीशी. पाण्याने बोर्ड मरत नाही, पाणी आणि बॅटरी दोघं मिळून मारतात. म्हणून आधी बॅटरीचं टर्मिनल, मग मीटर बाहेर, डिस्टिल्ड वॉटरने चिखल धुवायचा (डायल आणि मोटरमधे नाही, फक्त पाटी), मग अल्कोहोल, मग दोन दिवस कोरड्या जागी. हिरवं झालेलं पेन्सिलच्या खोडरबराने निघतं, होल्डरचे कान टेकतात ते गोलही त्यानेच घासा, पॉलिश पेपरने नाही, ३५ मायक्रॉन आहेत विसरू नका.

आमच्या मीटरमधे बल्ब परत ३ वॅटचे टाकले. बाबा म्हणाले एलईडी टाक ना, उजेड मस्त पडते. उजेडाच्या जागी टाकायला हरकत नाही, दिशा उलटी लागली तर फिरवून लावायचा, पण बॅटरीच्या दिव्याच्या जागी एलईडी टाकला तर तो इतका कमी करंट घेतो की अल्टरनेटर पुन्हा उपाशी, म्हणजे एवढं सगळं करून आपण पुन्हा कट् कट् वर.

स्क्रू लावायच्या आधी नुसते कपलर जोडून मीटर लटकत ठेवलं आणि चावी फिरवली. लाल दिवा लागला. सेल्फ मारला, विझला. बॅटरीवर आयडललाच १४.१.

याला आता आठ महिने झाले. बाबा अजून दरवेळी चावी फिरवली की एक सेकंद थांबतात, मोठ्याने म्हणतात "लागला", मग सेल्फ मारतात आणि म्हणतात "गेला", शेजारी कोणी बसलेलं असो की नसो.